माझ्या जागेवरचं ताट

भरदुपारी घरी आलो तर माझ्या पाटासमोर ताट वाढलेलं, आणि बायको त्या रिकाम्या पाटाला सांगत होती, "तेल कमीच घातलंय हो."

मी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी बाहेरचं तेलकट बंद केलं, तेव्हा त्यांच्याशी घासाघीस केली होती, "आठवड्यातून दोनदा तरी हॉटेल?" ते एकदावरही येईनात. जन्मभर ताजी भाजी पारखून विकली नि स्वतः हॉटेलचा लाल तवंग गिळला. घरून कधी कुणी जेवायला बोलावलं नाही, हा राग होताच. आपण बाहेर जेवतो तेव्हा घरची जागा रिकामीच राहते, असं मी धरून चाललो होतो.

"हे कुणाला वाढतेस?" मी ओरडलो.

"रोजच्यासारखं तुम्हालाच की," ती म्हणाली. "अर्धी भाकरी टाकून मध्येच कुठं उठलात?"

मी त्या अर्ध्या भाकरीपुढं बसलो. पाट गरम होता.