चाळणीतला पुदिना

मे महिन्यात दादरच्या मंडईत पुदिन्याची जुडी दिसली की मी ती नाकाशी नेते आणि परत ठेवून देते.

त्या उन्हाळ्यात डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत बाबा अंथरुणाला खिळले होते. औषधांनी तोंडाची चव गेली होती. पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. कैरी-पुदिन्याची चटणी आणि पेज हे बाबांचं उन्हाळ्यातलं आवडतं जेवण, म्हणून आईने मला पुदिना आणायला पिटाळलं. मी तो धुऊन मोरीपाशी चाळणीत निथळत ठेवला. आई पाट्यावर कैरी, कोथिंबीर, खोबरं वाटत होती.

"वायच तरी खावा हो," ती विनवत होती.

बाबांनी चटणी कालवलेला घास कितीतरी वेळ तोंडात घोळवला आणि गिळला.

"पुदिनो बरो लागता गो."

माझी नजर मोरीकडे गेली. पुदिना चाळणीत तसाच होता. घाईत आई तो वाटायचा विसरली होती. मला हसू आलं. मी काही बोलणार तोच आईने डोळ्यांनी गप्प केलं आणि दुसरा घास पुढे केला.

बाबांचा गोंधळ झाला, असं तेव्हा वाटलं. त्यांना कसलीच चव येत नव्हती आणि ते फक्त तिच्यासाठी गिळत होते, हे मला फार उशिरा कळलं. आईला तेव्हाच कळलं होतं. वाडगा रिकामा झाल्यावर ती मोरीत गेली, नळ सोडला आणि धुतलेलाच पुदिना पुन्हा पुन्हा धूत राहिली.