मारायचं नाही असा ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत मी गेले ती एका मॅडमच्या थोबाडीत मारून. हे मी फुशारकीनं सांगत नाही आणि लपवतही नाही. लपवणार तरी कुणापासून? त्या दिवशी अख्ख्या शाळेनं ते पाहिलं होतं.

माझी पोरगी तेव्हा चौथीत होती. आमच्याच वस्तीतली महापालिकेची शाळा, मधल्या सुट्टीत ती जेवायला घरी यायची. त्या दिवशी आली ती डावा कान हातानं दाबून. पाढा चुकला म्हणून मॅडमनं मारलं, एवढंच बोलली. मी हात बाजूला केला. गालावर बोटं उठली होती आणि कानातून लालसर पाणी गळत होतं. मी ब्लाउज शिवायला बसले होते. मशीनवरचं कापड तसंच टाकलं, तिला शेजारणीकडं बसवलं आणि निघाले.

मॅडम व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. "काय झालं, ताई?" म्हणून त्या उठल्या आणि मी जोर लावून मारली. त्यांचा चष्मा पायऱ्यांवर जाऊन फुटला. दुसरी मारणार तेवढ्यात मुख्याध्यापक सरांनी मागून माझा हात धरला.

ऑफिसात मॅडम फुटका चष्मा हातात घेऊन म्हणाल्या, "मी पोलिसात जाते."

"चला ना, मी पण येते," मी म्हणाले. "पोरीला संगं घेऊन येते."

सरांची नोकरी दोन-तीन वर्षांची राहिली होती. त्यांनी आमच्या दोघींच्या मधे खुर्ची ओढली. मग मला म्हणाले, "आधी लेकराला दवाखान्यात न्या. भांडण कुठं पळून जात नाही."

घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं, पडदा फाटलाय, वाढतं वय आहे, भरून येईल, पण पाणी जाऊ देऊ नका. पुढचे कितीतरी महिने पोरीला आंघोळ घालताना मी कानात कापूस कोंबायचे आणि दरवेळी हाताची मूठ नव्यानं वळायची. मॅडमला लेखी ताकीद मिळाली. पोलिसात दोघींपैकी कुणीच गेलं नाही.

जूनमध्ये समितीची नवी निवड होती. सरांनी मला बोलावून घेतलं. "तुम्हाला भांडायचं असंल तर आत येऊन भांडा," एवढंच म्हणाले. माझा नवरा क्रांती चौकात रिक्षा लावतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "जा. पण हात खिशात ठेवून जा." साडीला खिसा नसतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

निवड पालक सभेत झाली. समितीत अर्ध्या जागा बायांच्या असतात, म्हणून पुरुष आपापल्या बायकांची नावं पुढं ढकलत होते. "नुसती सही तर करायची असती," असं चाललेलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, "मॅडमला हाणली ती बाई करा! तिला समदे भेतेत." सगळे हसले आणि हात वर झाले. मी अध्यक्ष झाले ती अशी, लोकांच्या हसण्यावर.

पहिल्याच बैठकीत मी ठराव मांडला की या शाळेत कुणीही, कुठल्याही कारणानं लेकराला मारायचं नाही. कायदा तर होताच, भिंतीवर त्याचा कागदही होता, पण मला तो आमच्या वहीत, आमच्या सह्यांनी हवा होता. एक सदस्य म्हणाला, "मंग लेकरं डोक्यावर बसतील." शिक्षकांनाही त्या दिवशी बोलावलं होतं. त्या मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्याकडं न बघताच त्यांनी सही केली.

त्याच संध्याकाळी पोरगी गॅसवर दूध ठेवून विसरली. भांडं जळून काळं झालं. मी दाराबाहेर चुलीपाशी पोळ्या लाटत होते, लाटणं घेऊनच उठले. ती पळाली नाही. तिनं फक्त डाव्या कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

मी लाटणं खाली ठेवलं. त्यानंतर तिच्यावर कधी हात उचललाच नाही असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा उचलला.

दिवाळीनंतरच्या पालक सभेला साठ-सत्तर माणसं होती. पटांगणात सतरंज्या, आमच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. सहावीतल्या एका मुलीचा बाप उभा राहिला. वाळूजला कंपनीत कामाला होता, पहिली पाळी करून थेट आला होता. अंगावर कंपनीचाच शर्ट.

"अध्यक्षताई, तुमच्या ठरावानं लेकरं कामातून गेली," तो म्हणाला. "मास्तर हात लावत नाय, मंग लेकरू शिकंल कामून? दाखवतो थांबा."

त्यानं बायकोशेजारी बसलेल्या पोरीला उठवलं. उंच, हडकुळी पोरगी. "सतराचा पाढा म्हण."

ती सतरा, चौतीस, एक्कावन्नपर्यंत गेली आणि अडकली. त्यानं कमरेचा पट्टा काढला. मला वाटलं, नुसता धाक दाखवतोय. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा हातावर, तिसरा मानेवर. पोरीच्या तोंडातून आवाजच येत नव्हता. आई बसल्या जागी पदर तोंडात धरून होती. साठ-सत्तर माणसं बघत होती आणि त्यात मीही होते. ठराव मांडणारी, अध्यक्ष.

पहिल्यांदा उठल्या त्या मॅडम. त्याच. त्यांनी धावत जाऊन पट्ट्याचं टोक पकडलं. "सोडा तिला!" बापानं एका हिसड्यात त्यांना ढकललं. त्या पायरीच्या कडेवर कपाळावर आपटल्या आणि डोळ्यावरून रक्ताची धार लागली.

मग मी उठले. मी बसलेली खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. तो वळला, माझे केस धरले आणि मला नोटीस बोर्डावर आपटलं. मी त्याच्या दंडाला चावले. त्यानं माझं मनगट पिरगाळलं. आत काहीतरी वाळकी काटकी मोडावी तसं मोडलं, आणि तो आवाज मला कानांनी नाही, दातांत ऐकू आला.

तेव्हा कुठं बाकीचे पुरुष उठले. सोडवायला आले असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याला खाली पाडलं आणि लाथा घालायला लागले. जे दोन मिनिटांपूर्वी पोरीला मार बसताना गप होते, तेच. कुणी चप्पल काढली, कुणी त्याच्याच पट्ट्यानं त्याला हाणत होतं. "बाईवर हात टाकतो का, साल्या!" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद होता. खाली पडल्यापडल्या मी ते बघितलं आणि खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं.

पोरगी इतका वेळ गप होती. ती आता किंचाळली, "पप्पाला नका मारू! मला पाठ व्हईल, पप्पाला नका मारू!" ती त्या पायांच्या गर्दीत घुसली. एक लाथ तिलाही बसली.

सरांना काय करावं कळेना. ते धावत गेले आणि शाळेची घंटा बडवायला लागले. लोखंडाच्या पट्टीवर ठण ठण ठण. आणि माणसं थांबली. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय असावी. एकेक जण पाय मागं घेऊन उभा राहिला.

ठाण्यात हवालदारानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. माझा हात सुजलेला, मॅडमच्या कपाळाला बँडेज, त्याचे पुढचे दोन दात गेलेले. "ही शाळा हाय का कुस्तीचा फड?" तो म्हणाला.

मॅडम बाहेरच्या बाकावर मला हळूच म्हणाल्या, "मी तक्रार देणार नाही. कुठल्या तोंडानं देऊ? मी पण लेकराला मारलंच होतं." त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याशी खरं बोलल्या. मी तक्रार दिली. त्यात मी खुर्ची मारली आणि चावले, तेही लिहायला लावलं. लाथा घालणाऱ्यांची नावं विचारली तेव्हा पटांगणात हजर असलेल्या एकालाही कुणाचंच नाव आठवेना.

पोरगी शाळेत यायची बंद झाली. दोन आठवड्यांनी मी प्लास्टर घातलेल्या हातानं तिच्या घरी गेले. बरोबर सर आणि मॅडम. बाप जामिनावर सुटला होता, तो दारातच आडवा उभा राहिला.

"आता काय ऱ्हायलंय?" दात नसल्यानं त्याचे शब्द गळत होते. "माझ्या लेकरासमोर लोकांनी मला जनावरासारखं तुडवलं."

"व्हय," मी म्हणाले. "लई वाईट झालं. तिला तुम्ही आमच्यासमोर मारलं, ते पण."

तो भांडेल म्हणून मी तयार होते. त्यानं मॅडमच्या कपाळाकडं बघितलं, टाक्यांची खूण अजून लाल होती. "आत या," म्हणाला. आत चहा झाला, पण पोरीला पाठवतो असं तो काही बोलला नाही. सोमवारी ती आली. मागच्या बाकावर बसली आणि कितीतरी दिवस कुणी वहीसाठी हात पुढं केला तरी दचकायची. घरी अजून मार बसतो का, हे मी तिला दोनदा विचारलं. एकदा ती नाही म्हणाली, एकदा काहीच म्हणाली नाही.

समितीची मुदत संपली तेव्हा पुन्हा पालक सभा भरली. सरांच्या जागी नवे मुख्याध्यापक आले होते. सदस्य व्हायला कोण तयार आहे, असं त्यांनी विचारलं. बायांच्या रांगेतून एक बाई उठली. त्या पोरीची आई.

मागच्या रांगेत तिचा नवरा होता. "खाली बस," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

तिनं पदर खोचला.

"नाय बसत," ती म्हणाली. "लिवा माझं नाव."

नव्या सरांनी पेन काढून वहीत तिचं नाव लिहिलं. सभा संपेपर्यंत ती तशी उभीच होती.