एरियल पाडलं तो दिवस

नव्वद सालानंतरची गोष्ट. नरडाण्याजवळ माझ्या शेतातल्या टेकाडावर मी एरियलसाठी लोखंडी पाइपाचा उंच खांब उभा केला होता. मी चौथी शिकलेला, मोटारी वाइंड करणारा माणूस. पण हॅम रेडिओची परीक्षा दिली, सरकारचं लायसन घेतलं. पंपाच्या खोलीत सेट होता आणि एक जुना कॉम्प्युटर. जगात काही केंद्रं सतत एकच खूण हवेत सोडत असतात. ती ऐकू आली तर त्या बाजूचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, उघडा, नाही तर बंद. रोज मी ते टाइप करायचो. कॉम्प्युटर ते रेडिओवरूनच माझ्यासारख्याच पुढच्या हॅम केंद्राला द्यायचा, ते त्याच्या पुढच्याला.

संध्याकाळी मात्र नुसती खरखर. कारण मला माहीत होतं. बांधावरच्या विजेच्या तारांवर आमच्याच भाऊबंदांचे आकडे. आकडा हलला की ठिणगी, ठिणगी उडाली की सेट बोंबलणार. मी ‘खरखर फार’ एवढंच टाइप करायचो. कोणाचं नाव नाही.

मग वीज खात्याचं पथक आलं आणि आकड्यांवरच्या मोटारी उचलून घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन टेकाडावर चढला, मागे बठ्ठे, सगळेच भाऊबंद.

“तुना डबाच सांगस त्यासले,” तो म्हणाला. “मारुतीपुढे चाल, शपथ घे.”

“मी चोर नही. शपथ तुम्ही घ्या.”

पहिली थप्पड कानावर बसली. मग लाथा. ओठ फाटला, दात हलला. कोणीतरी छातीवर गुडघा रोवला आणि म्हणाला, “आते लाव तुना बँड.” बाकीचे हसले. ‘घेतो शपथ’ एवढं बोललो असतो तर सोडलं असतं त्यांनी. मी थुंकलो.

चुलतभावाने खांबाची एका बाजूची ताणतार तोडली आणि समोरची हाताला गुंडाळून ओढली. खांब त्याला आपल्याकडे पाडायचा होता. पण वारा होता. खांब तिरपा फिरला आणि बांधावरच्या तारांवर आडवा झाला. निळा जाळ निघाला. चुलतभावाची मूठ तारेवर आवळली, तोंड उघडं, आवाज नाही. कातडी जळाल्याचा वास सुटला. बठ्ठे पळाले.

मी उठून शेतातल्या राखणीच्या मचाणाचा कोरडा बांबू उपसला आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणला. एकदा, दोनदा. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मग तो सुटला.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात फौजदार आला. हात कसा मोडला?

“खांब पडना,” चुलतभाऊ म्हणाला.

“खांब नाही साहेब,” मी म्हणालो. “मी मारलं.”

फौजदार माझ्या फाटक्या ओठाकडे बघत राहिला. “आणि तुम्हाला कोणी मारलं, आबा?”

“ते नाही सांगणार.”

चुलतभाऊ डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, “लिखा साहेब, यानीच मारं, म्हनीसन मी जित्ता शे. हाऊ सोतानं नाव सांगस. दुसरानं नही सांगत.”

हे कुऱ्हाड उचलायच्या आधी सुचलं असतं तर खांब उभा राहिला असता, हे मी त्याला तिथेच ऐकवलं.