आठवी टोपी

राहुरीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर मी बावीस वर्षं उभा आहे. इंजिन उघडायला निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच सल्ला फुकट देतो: पुठ्ठ्याला भोकं पाडा, आकडे टाका, पुशरॉड निघतील त्या क्रमानं त्यात खोचून ठेवा. आणि मेहुण्याच्या लाँचचं इंजिन उघडलं तेव्हा मी काय केलं, तर वरचं सगळं सामान काढून डिझेलच्या एकाच घमेल्यात टाकलं आणि हातानं ढवळलं.

त्याची लाँच मुळा धरणाच्या फुगवट्यावर चालते. अलीकडच्या काठावरून पलीकडे, बाजारकरी, दुधाचे कॅन, शाळेच्या पोरी. मूळ ती माझ्या सासऱ्यांची. इंजिनही त्यांनीच आणलेलं, जुनं, बोटीचंच, चार सिलिंडरचं. आबा, म्हणजे सासरे, त्या इंजिनाचे फार लाड करायचे असं माझ्या सासुरवाडीत सगळे सांगतात. शेवटच्या वर्षांत तर पूर्ण फेरीभर इंजिनाच्या पेटीवर हात ठेवून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. आमच्या घरी माझ्या हातून कपबशी जरी फुटली, तरी बायको म्हणते, "आबांच्या हातून कधी काही हरवलं नाही, फुटलं नाही."

तर इंजिन टकटक वाजायला लागलं म्हणून मेहुण्यानं मला बोलावलं. मी पार्ट विकतो म्हणजे मला इंजिन येतं, असा त्याचा समज. तो मी कधी दूर केला नाही. खरं म्हणजे मी पार्ट ओळखतो ते खोक्यातले, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले. इंजिनाच्या पोटात काळे होऊन एकमेकांना चिकटलेले पार्ट पाहिले की लग्नात मेकअप केलेल्या मावशा पाहिल्यासारखं होतं. ओळखीच्या वाटतात, पण नाव घ्यायला धीर होत नाही.

घमेल्यातलं सामान पुसून मी जुळवायला बसलो. पुशरॉड खालून वर उचलला जातो, तो रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. कोणता रॉड कोणत्या रॉकरखाली झिजलाय, ते नखानं चाचपून चाचपून दुपारपर्यंत लावलं. मग टोप्या. व्हॉल्व्हच्या शेंड्यावर रॉकरचा मार थेट बसू नये म्हणून शर्टाच्या बटणाएवढी पोलादी टोपी असते. व्हॉल्व्ह आठ. टोप्या सात.

घमेलं पालथं केलं. फडकी झटकली. लाँचच्या फळ्यांमध्ये बोटं घातली. पुशरॉडच्या भोकातून ती खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडली असेल, तर इंजिन सुरू केल्यावर कुठेतरी अडकणार आणि भर पाण्यात, माणसं बसलेली असताना, सगळं फुटणार.

"दाजी, सातच कशा?" मेहुण्यानं विचारलं.

"आठवी आधीपासूनच नव्हती," मी म्हणालो. इतक्या सहज की मलाच नवल वाटलं.

"तुमी म्हनताय म्हंजी नसंल." त्यानं विषय संपवला. "उद्या येताना दुकानातून एक आना. उद्या बाजार हाय, माणसं लई आसतात."

संध्याकाळी बायकोनं विचारलं, झालं का. मी म्हणालो, झालं. जेवण गेलं नाही, तर तिनं मला ओवा दिला.

सकाळी मापाची टोपी घेऊन गेलो. मेहुण्यानं आठही टोप्या पटापट बसवल्या, मी वर रॉकर चढवले. तोवर लाँच भरली होती. शेंगांची पोती, कॅन, दप्तरं. मेहुण्यानं इंजिन फिरवायला हँडल लावलं. समोरच एक पोरगी दप्तरावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती.

"थांब," मी म्हणालो. "काल मी थाप मारली. सात होत्या की आठ, मी मोजल्याच नव्हत्या. आत पडली असेल."

मेहुण्यानं हँडल काढलं. मग लोकांना म्हणाला, "उतरा. आज लाँच न्हाई."

माणसं उतरली. एक म्हातारी पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "जावयाला इंजन उघडाया दिलं व्हय? जावयाला जेवाया वाढत्यात, बाबा."

त्यांना जीपनं लांबचा फेरा पडला. आम्ही ऑइल उपसलं, इंजिनाच्या बाजूची झाकणं खोलली, कोपरापर्यंत हात घातले, तारेला चुंबक बांधून कोपरा न् कोपरा फिरवला. मेहुणा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. ते मला म्हातारीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. टोपी निघाली नाही.

"वरून परत बघू," मी म्हणालो. रॉकर उतरवले, आठही टोप्या काढल्या, या वेळी पुठ्ठ्यात. आणि टोप्यांखालचे व्हॉल्व्हचे शेंडे पहिल्यांदा नीट पुसून पाहिले. सात सपाट, चकचकीत. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हच्या शेंड्याला खळगा पडला होता, नख बसेल एवढा. रॉकर थेट पोलादावर आपटून पडलेला. असा खळगा एका दिवसात पडत नाही, एका वर्षातही नाही. तिथे टोपी कित्येक वर्षं नव्हती.

म्हणजे माझी थाप खरी निघाली होती. मला हसू यायला हवं होतं.

मेहुणा त्या खळग्यावरून बोट फिरवत राहिला. "आबांबिगर या इंजनाला कुनाचा हात न्हाई लागला, दाजी," तो म्हणाला. "कालपतुर." मग त्यानं टोपी त्या शेंड्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून लाँच चालू झाली.

मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. आधी थाप, मग टोपी आत पडल्याची धास्ती, मग खळगा. ती मेथी निवडत होती. आता आबांच्या हातून काही हरवत नसे हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झालं, असं मी म्हणणार होतो, पण तिच्या हातातली काडी थांबलेली पाहून गप्प बसलो.

"पूर्ण फेरीभर पेटीवर हात ठेवून बसायचे," ती म्हणाली. "आम्ही त्याला लाड म्हणायचो."