विहिरीच्या तळाशी शालिकभाऊ

शालिकभाऊ सिनेमा सांगायचे. पाहिलेला सिनेमा आपण सगळेच सांगतो. पण ते हातातलं काम खाली ठेवून, उभं राहून सांगायचे. हिंगणीच्या शाळेत मी बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात माझा मिक्सर बिघडला. शाळेच्या शिपायाने त्यांचं दुकान दाखवलं आणि बजावलं, "मॅडम, घाई असन तर त्याइले पिक्चरचं काही विचारू नका." मी काहीच विचारलं नाही. तरी मिक्सर उघडा पडला, स्क्रू वाटीत राहिले आणि मी स्टुलावर बसून एक अख्खा सिनेमा ऐकून घरी आले.

तरुणपणी ते वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. टॉकीज बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला, तेव्हा ते गावी परतले आणि पंखे, मिक्सर दुरुस्त करू लागले. सगळ्यांत आवडीने ते सांगत तो एक जुना इंग्रजी सिनेमा. काळा-पांढरा, सकाळच्या खेळाला लागलेला. तीन माणसं डोंगरात सोनं शोधायला जातात. शालिकभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून संवाद त्यांनीच रचले होते, आणि ते परदेशी गडी आमच्याकडे वऱ्हाडीत भांडायचे. "सोनं भेटेपर्यंत तिघं दोस्त," शालिकभाऊ म्हणायचे, "भेटलं का तिघं चौकीदार." मग ऐकणाऱ्याकडे बोट करायचे. "माणसानं आधीच ठरवून ठेवा लागते, किती भेटलं का घरी जायचं."

पुढे त्यांच्याच घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. त्यांची बायको ताराबाई कमी बोलायची. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यानेही अंधुकच दिसायचं. हळद कुठली आणि बेसन कुठलं, हे ती वासावरून ओळखायची. ऑपरेशनला मात्र तयार होईना. शालिकभाऊंनी महिनोन् महिने समजूत घातली, शेवटी तिने होकार दिला, पण एका अटीवर: आत नेतील तेव्हा आणि बाहेर आणतील तेव्हा तुम्ही दारात पाहिजे.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा धाकटा चुलतभाऊ प्रल्हाद बोर धरणाच्या वाटेवरच्या आपल्या शेतातली विहीर खोल करत होता. एके दिवशी सुरुंग उडाला आणि तळच्या काळ्या दगडात पिवळीधमक शीर उघडी पडली. ऊन पडलं की वरूनसुद्धा चमकायची. प्रल्हादने मजुरांना काही तरी सांगून घरी पाठवलं आणि सर्वांत आधी शालिकभाऊंना बोलावलं, कारण जगात त्याचा भरवसा होता तो याच एका माणसावर. तिसरा वसंता, विहिरीवरची क्रेन चालवणारा. त्याने आधीच पाहिलं होतं, त्यामुळे त्याला वगळता येत नव्हतं. तिघांनी ठरवलं की कुणाला सांगायचं नाही. त्या दिवसापासून शालिकभाऊंचं दुकान बंद.

ऑपरेशनची तारीख जवळ आली तेव्हा ताराबाईने मला शेतावर निरोप घेऊन पाठवलं. विहिरीच्या काठावर ताडपत्री बांधलेली होती आणि तिघे तीन बाजूंना बसले होते. तीन चुली होत्या. मी तिथे असताना वसंता झाडामागे जायला उठला, तसे बाकीचे दोघेही उठून उभे राहिले आणि तो परत येऊन बसल्यावरच खाली बसले. मी निरोप दिला. शालिकभाऊ म्हणाले की येतो, पण मान विहिरीकडेच. मी म्हटलं, एक तुकडा वर्ध्याच्या सोनाराला दाखवा म्हणजे सोनं आहे की नाही ते कळेल. यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुकडा न्यायचा कुणी? एकाने नेला तर तो तिकडे सौदा करेल. दोघे गेले तर मागे राहिलेला विहीर उपसेल. तिघे गेले तर विहीर उघडी. हे त्यांच्यात आधीच बोलून झालेलं होतं. मी नेते म्हटल्यावर शालिकभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या घरात राहते हे ते विसरले असावेत.

"मॅडम, खरं सांगा," ते हळूच म्हणाले, "तुमाले कोनं धाडलं?"

वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशनला ते आले नाहीत. दारात मी होते. आत जाताना ताराबाईने फक्त एकदा विचारलं की आले का. दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून तिला घरी सोडलं आणि पट्टी काढायला दुसऱ्या दिवशी बोलावलं. ऑटोतून हिंगणीला उतरलो तर दारात प्रल्हाद उभा. घामाघूम झालेला, चप्पल एकाच पायात. शालिकभाऊ दोन दिवसांपासून विहिरीच्या तळाशीच बसून होते. वर आलो तर वसंता खाली उतरेल, अशी त्यांची धास्ती. आणि आता दगडातून झिरा फुटला होता. वीज नसल्याने मोटर बंद, पाणी चढत होतं, आणि ते क्रेनच्या बादलीत बसायला तयार नव्हते.

"वहिनी, मले सोनं नाई पायजे," प्रल्हाद म्हणाला. "दादाले वर काढा."

मी नको नको म्हणत असताना ताराबाई परत ऑटोत बसली.

विहिरीत डोकावले तेव्हा मला आधी फक्त त्यांचे पांढरे केस दिसले. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. पाठ दगडाला टेकवून, दोन्ही हात मागे पसरून ते ती शीर झाकून उभे होते. वसंता दोर धरून रडकुंडीला आला होता. बसा हो काका, मी उतरत नाही, असं तो परत परत सांगत होता. शालिकभाऊ ऐकत होते, पण विश्वास ठेवत नव्हते. ताराबाई काठावर बसली. तिने आवाज चढवला नाही.

"उद्या पट्टी सुटून राह्यली," ती म्हणाली. "पयले कोनाले पाहू, सांगा."

 खालून पाण्याचा आवाज झाला. ते बादलीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा ते समोर होते. तिथून ते एकटेच सराफ्यात गेले. खिशात एक तुकडा राहिला होता. सोनाराने तो कसोटीवर घासला, तर रेघ काळी उमटली. सोन्याची रेघ पिवळी असते, एवढं सांगून त्याने तुकडा परत केला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

वसंता क्रेन घेऊन गाव सोडून गेला. विहिरीला भरपूर पाणी लागलं. पण शालिकभाऊ प्रल्हादच्या शेतात पुन्हा गेले नाहीत. प्रल्हाद घरी येऊन बोलवायचा, ते मान हलवायचे आणि स्क्रू शोधायचे. एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, "खाली असताना वाटे, प्रल्हाद दोर कापन. ज्याले मी खांद्यावर खेळवलं, त्याच्यावर शक घेतला. आता त्याचं तोंड कसं पाहू?" थोड्या वेळाने त्या सिनेमाचं आपणहून काढलं. "त्या तिघाइले मी लालची म्हनत होतो. तसं नाई, मॅडम. त्याइले घरी जायचं होतं. पन पयले कोन उठन, याच्यातच अडकले."

गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. प्रल्हाद भेटायला आला तेव्हा मी तिथेच होते. तो खाटेवर बसला, तसा शालिकभाऊंचा डावा हात सरपटत उशीखाली गेला आणि तिथे त्याची मूठ आवळली. उशीखाली काही नव्हतं. सकाळीच ताराबाईने आणि मी चादर बदलली होती. ते प्रल्हादकडे मायेने पाहत होते, ओळखतही होते, पण हात काही केल्या बाहेर येईना. ते त्यांनाही कळलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

प्रल्हादने आपला हात उशीखाली घातला आणि त्या मुठीवर ठेवला.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "मी नाई नेत."

आणि दिवस मावळेपर्यंत तो तसाच बसून राहिला.