दुसरी प्रत जासईला

दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. दोन्हींचे हिरवे दिवे शांत तेवत होते. आणि आयचा आवाज दोन्हींवर नव्हता.

“मॅडम, दोन डिस्क टाकल्यात ना तुमी?” हिरामणभाऊंनी तिसऱ्यांदा विचारले. “मंग एकीवर तरी पायजे ना!”

करंजाड्यातल्या त्यांच्या बंगल्याच्या दारात मांडवाचे बांबू बांधले जात होते. आतून ओल्या हळदीचा कडसर वास येत होता. उद्या त्यांच्या मुलीची, मानसीची हळद. ती लागताना आयचे धवळे वाजायचे होते. धवळे म्हणजे लग्नाच्या विधींत म्हणायची गाणी. हिरामणभाऊंची आई ती म्हणणारी धवलारीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. खाडीकाठचे त्यांचे जुने गाव त्याआधीच विमानतळासाठी उठले होते. त्या गावाची वेस, विहीर, खारबांध आता फक्त तिच्या गाण्यांत उरले होते.

मी घरोघरी नेटवर्क स्टोरेज बसवते. म्हणजे वाय-फायला जोडलेली एक पेटी, तिच्यात हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे तिथे राहतात. मोबाइलवर, टीव्हीवर उघडतात. चार महिन्यांपूर्वी मी या घरापुढे दोन पर्याय ठेवले होते. पहिला, दोन डिस्कची पेटी, मिररिंगसह. मिररिंग म्हणजे आरसा: एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटते. एक जळाली तरी दुसरी तारते. दुसरा पर्याय, तीच पेटी आणि शिवाय एक सुटी डिस्क, दर महिन्याला भरून दुसऱ्या घरी ठेवायची.

“दोन हायेत ना आत? मंग तिसरी कशाला?” हिरामणभाऊ तेव्हा म्हणाले होते. “आपलं घरचं लोकांकडं कशाला ठेवायचं?”

मी आग्रह धरला नाही. उलट, जिच्यावरून सारे उतरवून घेतले ती जुनी डिस्क भंगारात टाकली तरी चालेल, असे सहज बोलून गेले. आज ते वाक्य टोचत होते.

मी लॉग उघडला. लॉग ही पेटीची रोजनिशी. काल दुपारी ‘आय’ नावाचा फोल्डर डिलीट. पाठोपाठ रिसायकल बिन रिकामी. दोन्ही गोष्टी हिरामणभाऊंच्या मोबाइलवरून.

“भाऊ, काल काही काढून टाकलंत?”

“आयच्या दहाव्याचे फोटो काढून टाकले. पाव्हणे बसलेले आणि टीव्हीवर घाटावरचे फोटो फिरत व्हते. लग्नघरात कसं चालंल? पार मुळापासून काढले. ती कचऱ्याची पेटी पण साफ केली.” मग त्यांचा स्वर खाली आला. “गाणी त्यातच व्हती?”

त्यातच होती. आरशासमोरचा माणूस उठून गेला, तर आरशात कोण उरणार? दोन्ही डिस्कनी एकाच क्षणी, आज्ञाधारकपणे, आयला पुसले होते.

पुसलेले परत मिळवणारे सॉफ्टवेअर असते. पण कालपासून मांडवाचे, पाहुण्यांचे नवे व्हिडिओ त्याच जागेवर उतरत होते. आशा थोडी आहे, असे मी स्पष्ट सांगितले. हिरामणभाऊ खुर्चीत टेकले.

“मीच पुसली आयला,” ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी रंजनावहिनी दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे.

“ती जुनी डबी पायजे का?”

“कुठली?”

“मॅडम भंगारात टाका बोलल्या, ती. मी नाय टाकली. जासईला नणंदेकडं दिली.”

“आणि मला नाय सांगितलंस?” हिरामणभाऊ उसळले.

“सांगितलं असतं तर देऊ दिली असती का?” वहिनी माझ्याकडे वळल्या. “मला तुमचं आरशाचं काय समजलं नाय. एवढंच समजलं, दोन्ही एकाच घरात हायेत. सासूबाय बियाण्याचं भात कधी एका घरात ठेवत नव्हत्या. एक पोतं कायम जासईला. बांध फुटून खारं पाणी शिरलं तर आमचं जायाचं, तिथलं ऱ्हायाचं.”

तासाभराने यमुनाताई, हिरामणभाऊंची बहीण, रिक्षातून उतरल्या. मांडीवर स्टीलचा डबा. डबा तांदळाने भरलेला आणि तांदळात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क. ओल लागू नये म्हणून.

मी केबल जोडली. बारीक घरघर सुरू झाली. नंतरची चार-पाच सेकंदे मला फार लांब वाटली. मग फोल्डर उघडला.

आधी एक खोकला ऐकू आला. मग बांगड्यांची किणकिण. मग आयचा आवाज. पितळी भांड्याच्या काठासारखा, किंचित खरखरीत आणि गोल. स्वयंपाकघरातले बोलणे थांबले. मानसी ओल्या केसांनी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. हिरामणभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.



फाइल पेटीवर उतरवल्या. प्रत्येक गाणे उघडून, थोडे ऐकून खात्री केली. दहाव्याचे फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवले, टीव्हीवर न दिसणाऱ्या.

“मॅडम, ती तिसरी डिस्क उद्या घेऊनच या,” हिरामणभाऊ म्हणाले. “पण ती ऱ्हाईल जासईला.”

“का रं दादा?” वहिनींकडून सगळे ऐकलेल्या यमुनाताईंनी रिकामा डबा काखेत मारला. “आपलं घरचं, लोकांकडं?”

मांडवातले बांबूवालेसुद्धा हसले.

आता माझ्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न ‘डिस्क किती’ हा नसतो. ‘दुसरे घर कोणते’ हा असतो. आणि जुनी डिस्क भंगारात टाका, असे मी कुणालाही सांगत नाही. निदान घरातल्या बाईला विचारल्याशिवाय.