कापसाच्या खोलीतलं गाणं

मंडळी, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

शेजारची प्रणाली लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक पॉप गाणी करते. शब्द, चाल, आवाज सगळं तिचंच. एका कंपनीने गाण्यांचे हक्क मागितले, तर सरळ नाही म्हणाली. आमच्या सौंसरात स्टुडिओ कुठला? ती घरच्या कापसाच्या खोलीत गाते. ढिगामुळे आवाज घुमत नाही.

आज तोच कापूस न्यायला व्यापाऱ्याची गाडी आली. प्रणालीचं शेवटचं कडवं रेकॉर्ड व्हायचं बाकी होतं.

"पोरगी डीजे वाजवून राहिली अन् आम्ही थांबाचं का?" व्यापारी हसला.

मी कुंपणावरून म्हटलं, "डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवतो. ही स्वतःची करते. कळत नसेल तर निदान गप्प बसा."

एरवी तिच्या गाण्याबद्दल चकार शब्द न काढणारे तिचे बाबा गाडीपाशी गेले. "इंजिन बंद करा न भाऊ. पोरगी गाऊन राहिली."

इंजिन बंद झालं. हमाल ओट्यावर बसले. प्रणाली एकदा चुकली, पुन्हा गायली. मगच कापूस गाडीत भरला.

आता खोली रिकामी आहे, आवाज घुमतो आणि तिचं पुढचं गाणं तयार आहे. मी माझ्या दोन गाद्या भिंतींना लावायला दिल्या. सौंसरकरांनो, तुमच्याकडे जास्तीची गादी आहे का? फाटकी मात्र देऊ नका. कलावंताचं घर आहे, भंगाराचं दुकान नव्हे.